पॅक-१२: १९५९ ला फुटली, २०२३ ला पुन्हा फुटली

स्पोकेनकर (धागाकर्ता) | शुक्र, २१:१०

कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला की इकडच्या मराठी मंडळींत एक वाक्य ठरलेलं असतं: "टीव्हीच्या पैशानं पॅक-१२ खाल्ली." खोटं नाही, पण अर्धंच आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची ही कॉलेजांची कॉन्फरन्स याआधीही एकदा मोडली होती. तेव्हा टीव्हीचे करार कॉन्फरन्सच्या हातात नव्हतेच, आणि तरी मागे राहिले ते जवळपास हेच. कोणाला पंगतीला बसवायचं आणि कोणाला नाही, या एकाच भांडणावर ही संस्था शंभर वर्षं चालली आणि त्यावरच दोनदा मोडली, असं माझं मत आहे. पटतंय का बघा.

डिसेंबर १९१५ मध्ये पोर्टलंडला चार संस्थांची बैठक झाली: कॅलिफोर्निया (म्हणजे बर्कली), वॉशिंग्टन, ऑरेगन आणि ऑरेगन अ‍ॅग्रिकल्चरल कॉलेज. शेवटचं ते आजचं ऑरेगन स्टेट. नाव पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स. १९१६ पासून सामने सुरू. वॉशिंग्टन स्टेट १९१७ ला आलं, स्टॅनफर्ड १९१८ ला, यूएससी आणि आयडाहो १९२२ ला, मॉन्टाना १९२४ ला आणि यूसीएलए १९२८ ला. (यूएससी आणि यूसीएलए ही दोन्ही लॉस एंजेलिसची विद्यापीठं.)

स्टॅनफर्डची गंमत अशी की ते आणि बर्कली १९०६ पासून फुटबॉल सोडून रग्बी खेळत होते. त्या काळच्या फुटबॉलमध्ये पोरं मैदानात मरायची, म्हणून. बर्कली १९१५ ला फुटबॉलकडे परतलं, स्टॅनफर्ड मात्र १९१७ पर्यंत रग्बीलाच चिकटून होतं. याचा एक फायदा झाला. १९२० आणि १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेनं रग्बीचं सुवर्ण जिंकलं, त्या संघांत याच दोन कॉलेजांची बरीच पोरं होती.

बाकी उद्या. इथे रात्रीचे नऊ वाजून गेलेत.

गडहिंग्लजी | शनि, १०:०२

वाचतोय. पण मुळातच एक कळंना. कॉन्फरन्स म्हंजे आपल्या विद्यापीठांच्या झोनसारखं काय? रोहिंटन बारिया चषकाला कसं असायचं, गावसकर मुंबई विद्यापीठाकडनं त्यातच खेळून वर आले. आणि ते फुटबॉल म्हणताय ते हातात धरून पळायचं ना? आमच्याकडं फुटबॉल पायानं खेळत्यात. :)

स्पोकेनकर | शनि, १०:४५

झोन नव्हे. आपल्याकडे विद्यापीठांच्या स्पर्धा असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज भरवते आणि तुमचा विभाग नकाशा ठरवतो. तुम्ही पश्चिमेत असाल तर पश्चिमेतच, कोणी हाकलू शकत नाही. इथे कॉन्फरन्स म्हणजे खाजगी मंडळ. सभासद एकमेकांना निवडतात, आपलं ऑफिस थाटतात, पगारी कमिशनर नेमतात, पंच त्यांचेच, वेळापत्रक त्यांचं आणि आता टीव्हीचा करारही त्यांचाच. निर्णय विद्यापीठांचे कुलगुरू मतानं घेतात. मतं समान, ताकद असमान. सगळी कटकट तिथून सुरू होते.

आणि हो, हातात धरूनच पळायचं.

टेंपीतली ताई | शनि, ११:२०

छान धागा. मी अ‍ॅरिझोना स्टेटची, म्हणजे १९७८ ला आलेल्या सुनांपैकी. आम्ही आणि तुसानचं अ‍ॅरिझोना असे दोघे आत आलो आणि पॅक-८ ची पॅक-१० झाली.

बास्केटबॉलच्या जोड्यांबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं. दहा संघ म्हणजे पाच जोड्या: लॉस एंजेलिसचे दोन, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातले दोन (स्टॅनफर्ड, बर्कली), ऑरेगनचे दोन, वॉशिंग्टनचे दोन आणि आम्ही वाळवंटातले दोन. पाहुणा संघ गुरुवारी जोडीतल्या एकाकडे खेळायचा आणि शनिवारी दुसऱ्याकडे. एका दौऱ्यात दोन सामने, रविवारी पोरं घरी, सोमवारी वर्गात. कोलोरॅडो आणि युटा २०११ ला आले तेव्हा सहावी जोडी झाली, म्हणजे हिशोब तेव्हाही जमला. इतकं सुटसुटीत वेळापत्रक देशात दुसरीकडे नसावं. प्राध्यापकही खूश असायचे, परीक्षा बुडायच्या नाहीत.

स्पोकेनकर | शनि, ११:५८

ताई, +१००. त्यातला गुरुवार सिएटलला (वॉशिंग्टनकडे) आणि शनिवार पुलमनला (वॉशिंग्टन स्टेटच्या छोट्या गावी) असेल तर मात्र पाहुण्यांचे हाल. जानेवारीत पुलमनच्या छोट्या विमानतळावर बर्फ किंवा धुकं असलं की संघ आमच्या स्पोकेनला उतरायचा आणि १९५ नंबरच्या रस्त्यानं गव्हाच्या टेकड्यांमधून दीडेक तास बस. साडेसहा फुटी पोरं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. कॅलिफोर्नियावाल्यांना पुलमन कधीच आवडलं नाही, आणि १९५९ समजून घ्यायला हे माहीत हवं.

तर १९५९. त्या काळी खेळाडूंना चोरून पैसे देणं सर्रास चालायचं. कॉलेजात काहीतरी काम करायचं आणि त्याचा ठरावीक मोबदला घ्यायचा, एवढंच नियमात बसायचं. वर जे काही मिळायचं ते गावातले धनिक चाहते द्यायचे. १९५६ च्या सुरुवातीला वॉशिंग्टन विद्यापीठानं जॉन चेरबर्ग या प्रशिक्षकाला काढलं. हा गडी गप्प बसला नाही. कोणाचा फंड आहे, कोणाला काय मिळतं, सगळं त्यानं जाहीर बोलून टाकलं. मग यूसीएलए, यूएससी आणि बर्कलीचीही भांडी फुटली. कॉन्फरन्सनं दंड आणि बंदी ठोकली, यूसीएलएला तर तीन वर्षांची. लॉस एंजेलिसवाल्यांचं म्हणणं असं की उत्तरेकडच्या लहान कॉलेजांनी मतांच्या जोरावर आम्हाला ठरवून झोडलं.

अवांतर: चेरबर्गची नोकरी गेली, पण त्याच वर्षी तो निवडणुकीला उभा राहिला आणि वॉशिंग्टन राज्याचा उपराज्यपाल झाला. १९५७ ते १९८९, सलग ३२ वर्षं. हाकलणाऱ्या कुलगुरूंचं नाव आज कोणाला आठवतं?

ईस्टबे_काकू | शनि, १२:३१

कॉन्फरन्स बरखास्त झाली ती १९५९ च्या उन्हाळ्यात ना? आणि लगेच नवी काढली.

स्पोकेनकर | शनि, १३:०५

हो काकू. जुनी मोडली आणि बर्कली, स्टॅनफर्ड, यूसीएलए, यूएससी, वॉशिंग्टन अशा पाच जणांनी नवी मांडली. मागे राहिले वॉशिंग्टन स्टेट, ऑरेगन, ऑरेगन स्टेट आणि आयडाहो. (मॉन्टाना १९५० लाच बाहेर पडलं होतं.) वॉशिंग्टन स्टेटला १९६२ ला परत घेतलं, दोन्ही ऑरेगनना १९६४ ला. आयडाहोला बोलावणं आलंच नाही. १९६८ ला पॅसिफिक-८, म्हणजे पॅक-८ असं नाव पडलं; आकडा सभासदांचा.

आता यातलं सगळ्यात भारी. नव्या मंडळाचे कमिशनर होते निवृत्त नौदल अधिकारी टॉम हॅमिल्टन. त्यांच्या डोक्यात देशभराची कॉन्फरन्स होती. किनाऱ्यावरचे पाच, शिवाय लष्कर, नौदल आणि हवाई दलाच्या अकादम्या, नोटर डेम, पिट्सबर्ग, पेन स्टेट, सिरॅक्यूज, ड्यूक वगैरे. जेट विमानांची प्रवासी सेवा नुकती सुरू झाली होती, म्हणून लोक तिला विमान-कॉन्फरन्स म्हणायचे. संरक्षण खात्यानं अकादम्यांना परवानगी दिली नाही आणि बेत बारगळला. म्हणजे सिएटलच्या पोरांना न्यू जर्सीला खेळायला पाठवायची कल्पना आजच्या टीव्हीवाल्यांची नाही, साठ वर्षं जुनी आहे.

रविवारची मिसळ | शनि, १३:२२

हे माहीत नव्हतं. दंडवत. पुढच्या भागाची वाट बघतोय.

ट्रोजन_आजोबा | शनि, २२:४०

धागा वाचला. लिहिता छान, पण सूर एकतर्फी आहे. मी यूएससीचा, १९८० च्या दशकातला. टीव्ही कोणामुळे लागतो? लॉस एंजेलिसमुळे. १९८४ ला सर्वोच्च न्यायालयानं फुटबॉलच्या प्रक्षेपणावरची एनसीएएची (कॉलेज खेळांच्या देशव्यापी संघटनेची) मक्तेदारी मोडली, तेव्हापासून ज्याचे प्रेक्षक जास्त त्याची किंमत जास्त, हा सरळ व्यवहार आहे. पुलमनच्या सामन्याला मिळणारे पैसे आणि आमच्या कॉलिझियम स्टेडियममधल्या सामन्याला मिळणारे पैसे एकाच ताटात का वाढायचे? घरात एकच कमावता असेल आणि वाटणी मात्र बारा जणांत समान, तर तो कमावता किती दिवस गप्प बसेल?

स्पोकेनकर | शनि, २३:१५

आजोबा, तुमचा मुद्दा मान्य करूनच पुढे जातो, कारण कागदावर तो बरोबर आहे. २०१० पर्यंत जो जास्त वेळा टीव्हीवर दिसेल त्याला जास्त, असंच होतं. कोलोरॅडो आणि युटाला आत घेताना समान वाटप ठरलं. तेव्हाही एकूण उत्पन्न १७ कोटी डॉलरच्या खाली राहिलं तर यूएससी आणि यूसीएलएला २०-२० लाख जास्त, अशी अट तुमच्या लोकांनी घालून घेतली होती. २०११ चा ईएसपीएन आणि फॉक्सबरोबरचा करार १२ वर्षांचा, सुमारे ३०० कोटी डॉलरचा. त्या दिवशी देशात सगळ्यात मोठा. तेव्हा समान वाटप कोणालाच टोचलं नाही. टोचायला लागलं ते बिग टेन आणि एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्स पुढे निघून गेल्यावर.

निम्मं शहाणपण | रवि, ०७:५०

सगळं तेव्हाचा कमिशनर लॅरी स्कॉट याच्या माथी मारून मोकळे व्हा की. टेनिसमधून आलेला माणूस, वर्षाला पन्नास लाख डॉलरच्या वर पगार, सॅन फ्रान्सिस्कोत भर बाजारपेठेत आलिशान ऑफिस. त्याचं ११ वर्षांचं भाडंच ९ कोटींच्या घरात गेल्याचं छापून आलं होतं. पुलमनमध्ये तेवढ्यात अर्धं गाव आलं असतं.

ईस्टबे_काकू | रवि, ०८:३०

स्कॉट होताच तसा, पण त्याचं एक स्वप्न चुकीचं नव्हतं. २०१२ ला पॅक-१२ चं स्वतःचं चॅनल निघालं. बाकीच्यांनी फॉक्स, ईएसपीएन असा भागीदार घेतला, आपण शंभर टक्के मालकी ठेवली. त्यामुळे वॉटर पोलो, जिम्नॅस्टिक्स, मुलींचा व्हॉलीबॉल, सगळं टीव्हीवर दिसायला लागलं. आमच्या ह्यांना फुटबॉल, मला जिम्नॅस्टिक्स. घोडं अडलं ते डायरेक्टटीव्ही या डिशवाल्या कंपनीपाशी, त्यांच्याशी करार कधी झालाच नाही. निम्म्या देशाला चॅनल दिसेना. मग २०२३ च्या जानेवारीत बातमी आली की कॉमकास्ट या केबल कंपनीकडून चुकून आलेले सुमारे ५ कोटी डॉलर जास्तीचे होते आणि वरच्या दोन अधिकाऱ्यांनी ते दडवले. त्यांना घरी बसवलं, पैसे परत करायची वेळ आली.

टेंपीतली ताई | रवि, ०९:१२

आणि ऐनवेळी नाकं मुरडणं! २०११ मध्ये ओक्लाहोमा दार ठोठावत होतं, आपल्या कुलगुरूंनी नको म्हटलं. २०२१ ला टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीत चालले, त्यांची जुनी कॉन्फरन्स बिग ट्वेल्व्ह लोळागोळा झाली होती, तिचे उरलेले आठही आले असते. आपण पत्रक काढलं की सध्या विस्तार नाही. दोनच वर्षांनी त्याच बिग ट्वेल्व्हनं आम्हाला उचललं.

स्पोकेनकर | रवि, १०:३०

ताई, माझा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात. ते आठ का नको होते? कोणाची शैक्षणिक पत कमी, कोणी धार्मिक संस्था, कोणाचं शहर लहान. १९५९ ला आयडाहोबद्दल जी भाषा होती तीच.

शेवटचं वर्ष थोडक्यात, कारण ते बहुतेकांना माहीत आहे. ३० जून २०२२: यूएससी आणि यूसीएलए बिग टेनला जाणार. ऑक्टोबरमध्ये बिग ट्वेल्व्हनं पटकन आपला टीव्ही करार उरकला, आणि आपले कुलगुरू जास्त भाव येईल म्हणून थांबले. २७ जुलै २०२३: कोलोरॅडो गेलं. १ ऑगस्टला कमिशनर क्लियाव्हकॉफ यांनी कुलगुरूंसमोर अ‍ॅपलचा प्रस्ताव ठेवला. सामने अ‍ॅपवर, पैसे किती ग्राहक जोडतात त्यावर. ४ ऑगस्टच्या सकाळी सह्या होतील असं वाटत होतं. त्याच दिवशी ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला गेले, तेही सुरुवातीला साधारण निम्म्या वाट्यावर, आणि दिवस मावळेपर्यंत अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हला. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक कोस्टच्या कॉन्फरन्समध्ये, सात वर्षं ३० टक्के वाट्यावर. पॅसिफिकच्या काठावर बसून अटलांटिक!

राहिले दोन, ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही मूळची शेतकी कॉलेजं, दोन्ही लहान गावातली. त्यातलं एक तर १९१५ च्या बैठकीत खुर्चीवर बसलेलं संस्थापक.

ट्रोजन_आजोबा | रवि, ११:०५

ऑरेगन आणि वॉशिंग्टन थांबले असते तर कॉन्फरन्स वाचली असती. आमच्या दोघांनंतरही दहा होते. सगळं खापर आमच्यावर का?

स्पोकेनकर | रवि, ११:२०

बरोबर आहे आजोबा. आणि ऑरेगन तर १९५९ ला स्वतः बाहेर राहिलेलं. पाच वर्षं दाराबाहेर काढलेल्यानं तरी शेजाऱ्याला विचारायला हवं होतं.

रविवारची मिसळ | रवि, ११:४४

मी पुण्यातून बघायचो. तिकडे शनिवारी रात्री साडेसातला सुरू होणारे सामने आपल्याकडे रविवारी सकाळी आठला. पूर्व किनारा झोपलेला, पुण्यात माझा पोह्यांचा डबा उघडलेला. शेवटच्या हंगामात वॉशिंग्टननं काय खेळ केला! ऑरेगनला लास व्हेगासमध्ये ३४-३१, मग थेट राष्ट्रीय अंतिम सामना. तिथे मिशिगनकडून ३४-१३ हरले, आणि पुढच्या हंगामात तेच मिशिगन त्यांच्याच कॉन्फरन्समधलं. कॉन्फरन्स मरायला टेकलेली आणि तिचाच संघ अंतिम सामन्यात, असं कुठं असतं का?

ईस्टबे_काकू | रवि, १२:१५

यूसीएलएचा जुना बास्केटबॉलपटू आणि समालोचक बिल वॉल्टन मे २०२४ मध्ये गेला, त्याच महिन्यात पॅक-१२ च्या त्या जुन्या घराच्या शेवटच्या स्पर्धा संपत होत्या. समालोचन करताना 'चॅम्पियन्सची कॉन्फरन्स' हे तो इतक्या वेळा म्हणायचा की आमच्याकडे त्यावर पैजा लागायच्या. पण ५०० च्या वर राष्ट्रीय विजेतेपदं म्हणजे थट्टा नाही. प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या यूसीएलएनं १२ वर्षांत १० वेळा बास्केटबॉल जिंकलं आणि वॉल्टन असताना सलग विजयांची मालिका ८८ सामन्यांपर्यंत गेली.

आणि एक. यूसीएलए निघून गेल्यानं बर्कलीचं नुकसान झालं, म्हणून दोन्ही विद्यापीठांच्या वरच्या मंडळानं, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या रीजंट्सनी, यूसीएलएला वर्षाला १ कोटी डॉलर बर्कलीला द्यायला लावले. लोक त्याला सरळ पोटगीच म्हणतात.

कोरव्हॅलिसकर | रवि, १४:०८

उशिरा आलो. ऑरेगन स्टेटवाला आहे म्हणून एक गोष्ट लिहितोच, कारण इतिहास म्हटलं की सगळे लॉस एंजेलिसलाच जातात.

१ जानेवारी १९४२ चा रोझ बोल, म्हणजे पासाडेनाला दरवर्षी होणारा फुटबॉलचा मानाचा सामना. आमचं कॉलेज कॉन्फरन्स जिंकून पात्र झालेलं, समोर ड्यूक. ७ डिसेंबरला पर्ल हार्बर झालं आणि पश्चिम किनाऱ्यावर मोठी गर्दी जमवायला बंदी आली. म्हणून पासाडेनाचा सामना देशाच्या दुसऱ्या टोकाला, डरहॅममध्ये ड्यूकच्याच मैदानावर नेला. आमची पोरं रेल्वेनं देश ओलांडून गेली. पण जॅक योशिहारा हा खेळाडू जाऊ शकला नाही. सरावाच्या मैदानावर सरकारी माणसं आली आणि जपानी वंशाचा म्हणून त्याला प्रवासाची मनाई केली. सामना आम्ही २०-१६ जिंकला. योशिहारा कुटुंबासह छावणीत गेला. २००८ मध्ये विद्यापीठानं त्याच्यासारख्या विद्यार्थ्यांना मानद पदव्या दिल्या, तेव्हा तो म्हातारा झाला होता.

गडहिंग्लजी | रवि, १४:३०

हे मुख्य धाग्यात यायला पाहिजे होतं बघा.

मग त्या उरलेल्या दोघांचं काय झालं? जाणाऱ्यांनी तिजोरी पण नेली काय?

स्पोकेनकर | रवि, १५:१०

न्यायचा विचार होता, पण कोर्टानं अडवलं. नियम असा की सोडून जाण्याची नोटीस दिलेल्याला मंडळात मत नाही. दोघांनी व्हिटमन काउंटीच्या कोर्टात, म्हणजे पुलमनच्याच जिल्ह्यात, दावा लावला. नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही हात घातला नाही. नाव, जुन्या स्पर्धांचे येणे पैसे, सगळं दोघांच्या ताब्यात राहिलं. तडजोडीत जाणाऱ्या दहांचे मिळून साडेसहा कोटी डॉलर कापून घेतले.

दोघांनी तग धरला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, पाठोपाठ युटा स्टेट यांना बोलावलं. फुटबॉल सोडून बाकी खेळांसाठी गोन्झागा, म्हणजे आमचं स्पोकेन! जून २०२५ ला टेक्सस स्टेट. हे सगळे २०२६ च्या जुलैपासून. यातल्या बहुतेकांना जुन्या मंडळींनी वर्षानुवर्षं दारात उभं केलं नव्हतं.

गडहिंग्लजी | रवि, १५:२२

आणि आयडाहो? त्याला ह्या खेपेला तरी घेतलं का?

स्पोकेनकर | रवि, १५:४०

नाही हो. आयडाहो १९६३ ला बिग स्काय या खालच्या पातळीवरच्या कॉन्फरन्सच्या संस्थापकांत गेलं, १९९६ ला वरच्या पातळीवर आलं, खर्च झेपेना म्हणून २०१८ ला परत खाली बिग स्कायमध्ये. पण मॉस्को नावाचं त्यांचं गाव आणि पुलमन यांच्यात फक्त आठ मैल आहेत, त्यामुळे सामना अधूनमधून होतोच. पूर्वी हरलेल्या कॉलेजची पोरं हे आठ मैल चालत जिंकणाऱ्यांच्या गावी जायची. १९५४ ला आयडाहो जिंकलं तेव्हा पुलमनची शेकडो पोरं चालत गेली होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा खेळले: वॉशिंग्टन स्टेट १३, आयडाहो १०.

गडहिंग्लजी | रवि, १५:४४

तीनच गुण? मग चालायला लावू नका, जीपनं पाठवा.